संकेतस्थळाची पहिली पायरी : येणाऱ्याचा प्रश्न



या सदरातून आजवर आपण संगणकावर मराठी कसे लिहावे, घरखर्चाचा तक्ता कसा मांडावा आणि फसव्या संदेशांपासून सावध कसे राहावे, या विषयांचा परिचय करून घेतला. आता अनेकांकडून एकच विचारणा होत आहे. कोणाला आपल्या दुकानाचे संकेतस्थळ हवे आहे, कोणाला वाचनालयाचे, तर कोणी भगिनी घरी मसाले आणि पापड करतात व त्यांना चार नवीन गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचायचे आहे. ‘सुरुवात कोठून करावी?’ हा सर्वांचा प्रश्न. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे, कारण या विषयातील माझे खरे शिक्षण त्या चुकीपासूनच सुरू झाले.

मुलींच्या एका वसतिगृहाच्या व्यवस्थापन समितीवर मी काही वर्षे काम करीत आहे. संस्थेचे संकेतस्थळ असावे असे ठरले तेव्हा संगणकाची थोडीफार माहिती असलेला सदस्य म्हणून ते काम माझ्याकडे आले. आम्ही एका व्यावसायिकाकडून संकेतस्थळ करून घेतले. उघडताच इमारतीचे भव्य छायाचित्र, मग पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे एकामागून एक सरकत जात, वर लाल अक्षरांची पळती पट्टी आणि तळाशी फिकट राखाडी अक्षरांत कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक. सभेत ते मोठ्या पडद्यावर दाखविले गेले, टाळ्या पडल्या आणि मी मान्यतेची सही केली.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात एक मुलगी आपल्या आईला घेऊन कार्यालयात आली. तिला पदविका अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला होता. गाव दूर, घरची शेती बेताची. वसतिगृहात जागा मिळेल या भरवशावर घरच्यांनी तिला शहरात पाठविण्याचे मान्य केले होते. अर्जाची मुदत मात्र चार दिवसांपूर्वीच संपली होती आणि जागाही भरल्या होत्या. ‘‘मुदत संकेतस्थळावर दिली होती ना, बाळ?’’ असे मी विचारले. तिने आईचा मोबाइल माझ्यासमोर धरला. ‘‘सर, मी रोज बघत होते. मला तारीख कुठेच दिसली नाही.’’

मी स्वतः तो छोटा पडदा हातात घेतला. प्रवेशाची सूचना आम्ही कागदावर टंकून, शिक्का मारून, तिचे छायाचित्र काढून टाकली होती. मोबाइलवर ते छायाचित्र बोटभर रुंदीचे दिसत होते. तारीख होती, पण ती वाचणे माझ्याही डोळ्यांना शक्य नव्हते. दूरध्वनी क्रमांक शोधण्यास मला कितीतरी वेळ लागला, आणि तो कोठे आहे हे मला ठाऊक असतानाही! पहिल्या वर्षी ती मुलगी रोज दीड तास जाताना आणि दीड तास येताना एस.टी.ने प्रवास करीत राहिली. आमच्या संकेतस्थळाचे सौंदर्य तिच्या कोणत्याच उपयोगाचे नव्हते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही ते संकेतस्थळ पुन्हा पहिल्यापासून उभे केले. त्या वेळी जे शिकलो ते क्रमाने आपल्यासमोर ठेवतो.

नाव, जागा आणि पाने

संकेतस्थळ म्हणजे मुळात तीन गोष्टी. पहिली, त्याचे नाव, ज्यास डोमेन म्हणतात. दुसरी, इंटरनेटला अखंड जोडलेल्या एखाद्या संगणकावरील जागा, जिला होस्टिंग म्हणतात. तिसरी, त्या जागेत ठेवलेली पाने. वाचक आपल्या ब्राउझरमध्ये नाव लिहितो, त्या नावावरून जागेचा पत्ता शोधला जातो आणि तेथील पाने त्याच्या पडद्यावर येतात. एवढाच हा सारा व्यवहार आहे.

जगातील पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत उभारले. १९८९ साली त्यांनी आपली योजना लिहून काढली आणि १९९१ साली ते संकेतस्थळ बाहेरच्या जगास खुले झाले. ज्या संगणकावर ते ठेवले होते त्याच्यावर, हा संगणक बंद करू नये अशी सूचना लिहून चिकटविली होती, कारण तो बंद झाला असता तर जगातील एकमेव संकेतस्थळच मिटले असते! होस्टिंग म्हणजे काय, हे समजण्यास याहून सोपे उदाहरण नाही. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांना विनामूल्य खुले केले. त्या पहिल्या संकेतस्थळावर एकही चित्र नव्हते. होती ती केवळ अक्षरे आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे. ते आजही पाहता येते आणि आजच्या मोबाइलवरही वाचता येते. नवशिक्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

नावाविषयी एक व्यावहारिक सूचना करतो. डोमेन विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी आपल्या नावे नोंदले जाते आणि वेळेवर नूतनीकरण न केल्यास हातचे जाऊ शकते. म्हणून नोंदणी संस्थेच्या किंवा मालकाच्या स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-मेल पत्त्यावर करावी. काम करून देणाऱ्या व्यक्तीच्या नावे ती कधीही ठेवू नये. दुकानाचा गाळा ज्याप्रमाणे सुताराच्या नावे करीत नाही, त्याचप्रमाणे हे आहे. २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी प्रत्यय वापरून मराठी अक्षरांतही नाव घेता येते. तथापि सोबत रोमन अक्षरांतील एक नाव असल्यास सोयीचे पडते.

सांगाडा, वेश आणि हालचाल

पान तीन प्रकारच्या लेखनातून तयार होते. एचटीएमएल ही मजकुराची रचना सांगते : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा. सीएसएस रूप ठरविते : अक्षर केवढे, रंग कोणता, समास किती. जावास्क्रिप्ट हालचाल घडविते : बटण दाबले की काय व्हावे. सीएसएसची कल्पना हाकोन विउम ली यांनी १९९४ साली मांडली आणि १९९६ च्या अखेरीस तिला मानक म्हणून मान्यता मिळाली. जावास्क्रिप्ट १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत प्राथमिक रूपात तयार केली.

हा इतिहास सांगण्याचे कारण त्यातील क्रम होय. आधी रचना आली, नंतर रूप, नंतर हालचाल. नवशिक्यानेही हाच क्रम पाळावा. आम्ही उलट केले होते. सरकती चित्रे कशी असावीत यावर तीन सभा झाल्या आणि प्रवेशाची तारीख कोठे असावी यावर एकही झाली नाही.

शीर्षकांचे एक मर्म ध्यानात घ्यावे. एचटीएमएलमध्ये शीर्षकाच्या सहा पायऱ्या असतात. अक्षर मोठे दिसावे म्हणून एखाद्या ओळीस शीर्षक करू नये आणि खरे शीर्षक असेल तर ते केवळ ठळक करून सोडू नये. दृष्टिहीन व्यक्ती पान वाचून दाखविणारी आज्ञावली वापरतात, आणि ती आज्ञावली शीर्षकांची यादी करून त्यांना हव्या त्या भागाशी नेते. शीर्षके नीट नसतील तर त्यांच्या दृष्टीने ते पुस्तक अनुक्रमणिकेविना आहे.

प्रथम कागद

संगणक सुरू करण्याआधी एक वही घ्यावी. आमच्या रेक्टरबाईंनी सुचविलेला उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी कार्यालयातील दूरध्वनीजवळ एक वही ठेवली आणि पंधरा दिवस येणारा प्रत्येक प्रश्न तीत नोंदविला. पंधरा दिवसांनी पाहिले तर बहुतेक प्रश्न पाचच होते. जागा शिल्लक आहेत का? अर्जाची शेवटची तारीख कोणती? शुल्क किती आणि त्यात मेसचा खर्च आहे का? कागदपत्रे कोणती लागतात? आणि बसस्थानकावरून कसे यावे? आमच्या जुन्या मुखपृष्ठावर यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते.

आपल्या व्यवसायाचे किंवा संस्थेचे असे पाच प्रश्न लिहून काढावेत. मसाले विकणाऱ्या भगिनींचे गिऱ्हाईक विचारते : कोणते मसाले मिळतात, पाव किलोचा भाव काय, कांदा-लसणाशिवाय मिळेल का, घरपोच येतो का, पैसे कसे द्यायचे. वाचनालयात येणारा विचारतो : वेळ कोणती, वर्गणी किती, सुट्टी केव्हा, हवे ते पुस्तक आहे का. हे प्रश्न म्हणजेच संकेतस्थळाचा आराखडा. त्यांची उत्तरे प्रथम साध्या मराठीत कागदावर लिहावीत. जे उत्तर कागदावर स्पष्ट नाही ते पडद्यावर कधीही स्पष्ट होत नाही.

नंतर प्रत्येक उत्तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्या चिठ्ठ्या टेबलावर मांडाव्यात आणि ज्याला या कामाची काहीच माहिती नाही अशा माणसास त्यांचे गट करण्यास सांगावे. त्याने केलेले गट म्हणजे आपली पाने आणि त्या गटांना त्याने दिलेली नावे म्हणजे वरच्या सूचीतील शब्द. आम्ही ‘संस्थाविषयक’ असे नाव दिले होते, त्या चिठ्ठीच्या गटास एका मुलीने ‘पत्ता आणि फोन’ म्हटले. तिचेच नाव आम्ही स्वीकारले. सूचीत पाच-सहांहून अधिक शब्द नसावेत.

देवनागरीचे स्वतःचे नियम

संकेतस्थळाविषयीचे बहुतेक मार्गदर्शन रोमन लिपी समोर ठेवून लिहिलेले असते. मराठी पान करताना काही गोष्टी वेगळ्या पाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट, मजकूर युनिकोडमध्येच असावा. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता, परंतु आपल्याकडील छपाईत दीर्घकाळ जुने फॉन्ट चालत राहिले. त्यांत मराठी अक्षराचे चित्र एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी बसविलेले असे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो आणि शोधयंत्रासही सापडत नाही. छापखान्याकडून आलेला जुना मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून, नजरेखालून घालून मगच वापरावा.

दुसरी गोष्ट, मजकुराचे छायाचित्र टाकू नये. आमची मूळ चूक हीच होती. छायाचित्रातील अक्षरे मोठी करता येत नाहीत, शोधता येत नाहीत, वाचून दाखविता येत नाहीत. सूचनेवर सही-शिक्का हवाच असेल तर ती प्रत खाली जोडावी, पण तारीख आणि रक्कम पानावर अक्षरांतच लिहावी.

तिसरी गोष्ट, ओळींतील अंतर. आपल्या अक्षरांना वर वेलांटी आणि मात्रा, तर खाली उकार असतात. दोन ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. म्हणून ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवावी. ब्राउझरचा मूळ अक्षर-आकार सोळा पिक्सेल असतो. मराठी मजकूर त्याहून लहान तर नसावाच, अठरा असल्यास उत्तम. अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर टाकू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते. रोमनमधील तिरप्या अक्षरांची पद्धत आपल्या लिपीत नैसर्गिक नाही. महत्त्वाचा शब्द ठळक करणे पुरेसे आहे. मजकूर दोन्ही कडांना समान ताणून बसविण्याचा मोहही टाळावा. अरुंद पडद्यावर त्यामुळे शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात.

चौथी गोष्ट सूक्ष्म, परंतु मराठी माणसाने आग्रह धरावी अशी. पानाच्या आरंभी त्याची भाषा नोंदविण्याची सोय असते. तेथे मराठीचा संकेत नोंदवावा. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात आणि भाषा मराठी नोंदविली असेल तर मराठी वळण उमटते. वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीसही उच्चार कोणत्या भाषेचे करावेत हे त्यावरून कळते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ यांसारखे मुक्त फॉन्ट विनामूल्य उपलब्ध आहेत. एक मजकुरासाठी आणि हवा तर दुसरा शीर्षकांसाठी, एवढे दोनच फॉन्ट एका संकेतस्थळास पुरे होतात.

रंग आणि वृद्ध डोळे

संकेतस्थळे बहुधा तरुण करतात आणि ती पाहणाऱ्यांत आजी-आजोबाही असतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक मोजण्याचे एक गुणोत्तर आहे. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर ते २१ : १ असते. सर्वांना वापरता येतील अशा संकेतस्थळांसाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांच्या २००८ च्या आवृत्तीपासून नेहमीच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ : १ हे प्रमाण सांगितले आहे. ते मोजून देणारी विनामूल्य साधने उपलब्ध आहेत. आमच्या तळाच्या दूरध्वनी क्रमांकाचे प्रमाण मोजले तेव्हा ते तीनासही पोहोचत नव्हते!

रंगावरच अर्थ सोपवू नये, हाही एक नियम. ‘लाल दिनांक म्हणजे मुदत संपली, हिरवा म्हणजे सुरू’ असे आम्ही लिहिले होते. लाल-हिरव्यातील भेद काहींना दिसत नाही. आता तेथे ‘प्रवेश सुरू आहे’ किंवा ‘प्रवेश बंद झाला आहे’ असे शब्द असतात. एक मुख्य रंग, एक जोडरंग आणि बाकी पांढरे-काळे एवढ्यावर सुबक पान होते. मोकळी जागा वाया गेली असे मानू नये. लग्नपत्रिकेत नावांभोवती जागा सोडलेली असते म्हणूनच नावे उठून दिसतात.

लहान पडदा, लहान खर्च

इथन मार्कोट यांनी २०१० साली एक विचार मांडला की मोबाइलसाठी वेगळे आणि संगणकासाठी वेगळे पान करण्यापेक्षा एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःची मांडणी बदलील असे करावे. आज हीच रूढ पद्धत आहे. नवशिक्याने प्रथम मोबाइलच्या रुंदीचे पान करावे. लहान जागेत काय ठेवावे हे ठरविताना महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे आपोआप वेगळे होते. बटणे बोटाने सहज दाबता यावीत. सुमारे एक सेंटिमीटर उंची-रुंदी आणि दोन बटणांत थोडे अंतर ठेवावे. दूरध्वनी क्रमांक असा जोडावा की त्यावर बोट ठेवताच थेट फोन लागेल.

छायाचित्रांचे वजनही तपासावे. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्र चार-पाच मेगाबाइटचे असू शकते. अशी दहा चित्रे एका पानावर ठेवली तर खेड्यातील मंद जोडणीवर ते पान उघडता उघडत नाही आणि पाहणाऱ्याच्या डेटाचे पैसेही जातात. चित्राची रुंदी हजार-बाराशे पिक्सेलपर्यंत कमी करून ते दोनशे किलोबाइटच्या आत आणणे सहज शक्य असते. प्रत्येक चित्राला एका ओळीचे पर्यायी वर्णन द्यावे, म्हणजे चित्र न उघडल्यास किंवा पाहणाऱ्यास दिसत नसल्यास अर्थ हरवत नाही. केवळ शोभेच्या चित्रांचे वर्णन रिकामे ठेवावे.

सरकत्या चित्रांविषयी वेगळे सांगतो. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलत राहणारी गोष्ट थांबविण्याची सोय पाहणाऱ्यास असली पाहिजे. आम्ही ती हालचाल पूर्णच काढली. पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आता वेगळ्या पानावर आहेत. यावर सभेत थोडी नाराजी झाली, हे मी लपवीत नाही. तेव्हा रेक्टरबाईंनी प्रश्नांची ती वही सर्वांसमोर ठेवली. ‘‘अध्यक्षांचा फोटो कुठे आहे, असं पंधरा दिवसांत एकीनंही विचारलं नाही,’’ एवढेच त्या म्हणाल्या. स्वतः अध्यक्ष सर्वांत आधी हसले आणि ठराव संमत झाला.

दुवे, अर्ज आणि विश्वास

दुव्यावर ‘येथे क्लिक करा’ असे लिहू नये. ‘प्रवेश अर्ज उतरवून घ्या’ किंवा ‘शुल्काचा तक्ता पाहा’ असे लिहावे, म्हणजे दाबण्यापूर्वीच पुढे काय आहे ते कळते. पत्त्याच्या आरंभी एचटीटीपीएस असावे. त्यामुळे अर्जातील माहिती वाटेत कोणास वाचता येत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आता विनामूल्यही मिळते.

अर्जात आवश्यक तेवढेच विचारावे. आमच्या पहिल्या अर्जात आधार क्रमांक, आई-वडिलांचे उत्पन्न, जन्मखूण असे एकोणतीस रकाने होते. आता नऊ आहेत. उरलेले कागद प्रवेशाच्या दिवशी कार्यालयात पाहिले जातात. मागितलेली प्रत्येक माहिती सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला असून अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती त्यात अपेक्षित आहे. मुलींची छायाचित्रे तर त्यांना आणि पालकांना विचारल्याविना कधीही टाकू नयेत.

गप्प बसून पाहणे

पान तयार झाले की ते जाणकारांना दाखवून प्रशंसा मिळविण्यात वेळ घालवू नये. ज्याच्यासाठी ते केले आहे अशा माणसाच्या हाती मोबाइल द्यावा, ‘अर्जाची शेवटची तारीख शोधून सांगा’ असे एकच काम द्यावे आणि आपण गप्प बसावे. हे गप्प बसणे फार अवघड असते. बोट चुकीच्या जागी गेले की ‘अहो, वर बघा ना’ असे तोंडातून निघू पाहते. ते आवरावे. जेथे ती व्यक्ती अडखळते तेथे दोष तिचा नसून पानाचा आहे. या विषयाचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० साली असे प्रतिपादन केले की अशा पाच व्यक्तींकडून तपासून घेतले तरी बहुतेक मोठे दोष उघड होतात. पाच माणसे आपल्या वाड्यात किंवा गल्लीतही मिळतात.

शेवटची गोष्ट देखभालीची. संकेतस्थळ एकदा करून सोडून दिले की ते हळूहळू चुकीचे बोलू लागते. मागील वर्षाची तारीख, बदललेला दूरध्वनी क्रमांक, बंद झालेली सोय यांनी माणूस थेट फसतो. म्हणून एका व्यक्तीकडे हे काम नेमून द्यावे, महिन्याचा एक दिवस ठरवावा आणि प्रत्येक महत्त्वाच्या पानाखाली ‘ही माहिती अमुक दिनांकास तपासली’ अशी ओळ लिहावी. परवलीचे शब्द आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख दोघांना ठाऊक असावी. पानांची एक प्रत आपल्या जवळच्या संगणकावरही असू द्यावी.

या महिन्याचा अभ्यास

संगणकावरील नोटपॅड उघडावे. आपल्या आवडत्या एका पदार्थाची कृती लिहावी : पदार्थाचे नाव, साहित्याची यादी, कृतीचे क्रमवार टप्पे. नावास पहिल्या पायरीच्या शीर्षकाची खूण, ‘साहित्य’ आणि ‘कृती’ यांना दुसऱ्या पायरीची, जिन्नसांना साध्या यादीची आणि टप्प्यांना क्रमांकित यादीची खूण करावी. या खुणा एचटीएमएलच्या कोणत्याही प्राथमिक पाठात पहिल्याच दिवशी शिकविल्या जातात. ही फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने आणि एचटीएमएल हा प्रत्यय देऊन जतन करावी. तिच्यावर दोनदा क्लिक करताच ती ब्राउझरमध्ये उघडेल. त्यास ना डोमेन लागते, ना होस्टिंग, ना एक पैसा. रंग अद्याप देऊ नयेत. सुनेला, मुलाला, शेजारच्या काकूंना ते पान वाचून पदार्थ करता येतो का, ते पाहावे. करता आला तर आपले पहिले पान यशस्वी झाले असे समजावे.

जाता जाता त्या मुलीविषयी. दुसऱ्या वर्षी तिला वसतिगृहात जागा मिळाली आणि आता ती पदविकेच्या शेवटच्या वर्षास आहे. नवे संकेतस्थळ खुले करण्याआधी आम्ही पहिला मोबाइल तिच्याच हाती दिला. तिने तारीख काही क्षणांत शोधली. मी समाधानाने मान हलविणार तोच ती म्हणाली, ‘‘सर, इथं नुसतं वार्षिक शुल्क लिहिलंय. ते एकदम भरायचं की दोन हप्त्यांत, हे कळत नाही. आमच्या गावाकडची माणसं तो आकडा बघूनच परत फिरतील.’’

हप्त्यांची सोय आमच्याकडे पूर्वीपासूनच होती. ती लिहावी असे आम्हा अकरा जणांपैकी कोणालाही सुचले नव्हते. त्याच संध्याकाळी ती ओळ शुल्काच्या आकड्याला लागून, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिली गेली. या वर्षी आलेल्या पालकांपैकी काहींनी हप्त्यांविषयी स्वतःहून विचारले, तेव्हा ती ओळ वाचली जात आहे याची खात्री पटली.

पुढील लेखांकात याच कृतीच्या पानास सीएसएसच्या साहाय्याने रूप कसे द्यावे ते पाहू. तोपर्यंत आपली वही दूरध्वनीजवळ ठेवावी आणि येणारे प्रश्न लिहीत राहावे.